२१ वर्षं एकाच कंपनीत, आता फ्रीलान्स करू का? पगार सोडण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय ४६, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत २१ वर्षं पाइपिंग डिझाइन (कारखान्यातल्या पाइपलाइनची ड्रॉइंग काढणं), हातात महिना १ लाख २० हजार, कंपनी आता डिझाइनचं काम बाहेरून करून घ्यायच्या विचारात आहे आणि तुम्हाला म्हणतेय की तुम्ही बाहेर पडा, कामं आम्हीच देऊ. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी बारावीत, आणि वडील प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून रिटायर झालेले, ते म्हणतात लागलेली नोकरी कोण सोडतं. तर सोडू का, सोडली तर रेट काय लावू, आणि राजीनामा कधी देऊ.

मी पण पाइपिंगवालीच. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, मेकॅनिकल केलं, १९९० ला नोकरीला लागले, २०१२ मध्ये वयाच्या ४४व्या वर्षी सोडली आणि तेव्हापासून दांडिया बाजारातल्या घराच्या वरच्या खोलीत बसून काम करते. म्हणजे तुमच्यासारखीच केस, फक्त १३-१४ वर्षं आधीची, आणि त्यात मी जवळजवळ सगळ्या चुका करून झालेल्या आहेत त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या घरात एक जुनी गोष्ट नेहमी निघते, सासऱ्यांच्या आजोबांची, ते गायकवाडी फौजेत होते. मराठा फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं, शिलेदार स्वतःचा घोडा स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा म्हणून त्याला पैसे जास्त. पण घोड्याची चंदी, म्हणजे दाणापाणी, त्याच्या खिशातून, आणि घोडा मेला तर त्याचाच मेला. मी राजीनामा दिला तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, बारगिरी सोडून शिलेदार होतेयस, चंदीचा हिशेब केलास का? मी तेव्हा हसले होते. पुढच्या दोन वर्षांत कळलं की सगळा प्रश्न तेवढाच होता. काम येतं की नाही ही भीती सगळ्यांना असते पण २१ वर्षं ज्याने आयसोमेट्रिक (एकेका पाइपलाइनची त्रिमितीय दिसणारी ड्रॉइंग) काढल्यात त्याला काम येतं हो, मार खातो आपण चंदीत.

तर रेटपासून सुरू करते कारण तिथेच बहुतेक जण पहिल्या दिवशी स्वतःचं नुकसान करून घेतात. आपण काय करतो, १ लाख २० हजार भागिले २४ दिवस, आले ५ हजार, आणि कोणी विचारलं की सांगून टाकतो दिवसाचे ५ हजार घेईन, वर मनात वाटतं ठीकच आहे की. आता नीट बघा. तुमचा बेसिक ६० हजार आहे असं लिहिलंय, त्यावर १२ टक्के म्हणजे ७,२०० कंपनी पीएफमध्ये घालते, ग्रॅच्युइटी दर महिन्याला साधारण २,९०० ने वाढतेय, वर मेडिक्लेम, दिवाळीचं बोनस, आजारपणाच्या रजा. हे सगळं धरलं की कंपनीला तुम्ही वर्षाला १६ लाखांच्या आसपास पडता. त्यावर तुमचा घोडा: कॉम्प्युटर, कॅडचं (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स, स्ट्रेस ॲनालिसिस म्हणजे पाइपवरच्या ताणाचा हिशेब करणार असाल तर त्याचं सॉफ्टवेअर (हे महाग असतं आणि चोरीचं वापरायचं नाही, नोटिसा येतात आणि क्लायंटची पण अब्रू जाते), सीए, इंटरनेट, दहेज-अंकलेश्वरच्या चकरा, मिळून ४ लाख धरा. झाले २० लाख. आता भागायचं किती दिवसांनी? इथे लोक २८८ दिवस धरतात. मी पहिल्या वर्षी डायरीत लिहीत होते, बिल लावता आलं असे दिवस भरले फक्त ११२. बाकीचे दिवस कोटेशन, साइट बघायला जाणं, पैसे मागायला फोन, प्रिंटर दुरुस्ती, आणि चक्क रिकामं बसणं यात गेले. आता जम बसल्यावरही माझे १३० ते १४० च्या वर जात नाहीत. तर २० लाख भागिले १३० म्हणजे दिवसाला १५ हजारांच्या पुढे. तुमच्या ५ हजारांच्या तिप्पट.

लगेच म्हणाल बडोद्यात १५ हजार कोण देणार. बरोबर, सुरुवातीला नाही देत, आणि मी पण पहिल्या वर्षी ६-७ हजारांवर कामं केली. पण हा आकडा माहीत असला की आपण किती खाली उतरतोय हे तरी कळतं. आणि एक, दिवसाच्या रेटवर घासाघीस होते तेवढी पूर्ण कामाच्या रकमेवर होत नाही. नंदेसरीच्या छोट्या केमिकल कारखान्याच्या मालकाला दिवसाचे १५ हजार म्हटलं की चक्कर येते, पण ह्या रिॲक्टरची लाइन फिरवायची, जीए (मांडणीचं ड्रॉइंग), आयसोमेट्रिक, मटेरियलची यादी सगळं मिळून दीड लाख म्हटलं की तो शांतपणे म्हणतो सव्वा करा. तो हिशेब दिवसांचा करतच नाही, त्याच्या डोक्यात शटडाउन, म्हणजे प्लांट बंद, किती दिवस लांबेल हे असतं.

पण एकरकमी कामात खड्डा आहे आणि मी त्यात पूर्ण पडलेय. माझं दुसरंच मोठं काम, ६० आयसोमेट्रिक, १ लाख ८० हजार ठरले. मी कोटेशनमध्ये फक्त '६० ड्रॉइंग' लिहिलं. रिव्हिजन शून्य, म्हणजे पहिली आवृत्ती, पाठवली, मग त्यांच्या प्रॉडक्शनवाल्याने पंपाची जागा बदलली, मग व्हेंडरच्या नोझलची दिशा बदलली, मग मालकाच्या मुलाने व्हॉट्सॲपवर फोटोवर लाल पेनाने रेघ मारून पाठवली की मॅडम जरा एवढं करा ना. रिव्हिजन ७ पर्यंत गेलं. तीन महिने त्याच ६० ड्रॉइंगवर. कंपनीत असताना रिव्हिजन सात झाल्या तर आपल्याला काय, पगार पहिल्या तारखेला येतोच, त्यामुळे ही सवयच नसते की प्रत्येक बदलाला किंमत आहे. आता माझ्या कोटेशनमध्ये ठरलेली ओळ असते: मंजूर पी अँड आयडी (प्लांटमधल्या पाइप आणि उपकरणांच्या जोडणीचा आराखडा) आणि इक्विपमेंट लेआउट मिळाल्यावर काम सुरू, दोन रिव्हिजन धरलेल्या, त्यानंतर प्रत्येक ड्रॉइंगचे इतके, आणि बदल ईमेलवरच घेतले जातील. आणि ३० टक्के ॲडव्हान्स. ॲडव्हान्स मागताना जीभ अडखळते हे मान्य, २१ वर्षं आपण कुणाकडे पैसे मागितलेले नसतात. आरशासमोर म्हणून बघा, गंमत नाही करत, मी केलं होतं.

आता पैसे येण्याचं वेळापत्रक. समजा जूनमध्ये काम केलं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात बिल दिलं, त्यांच्या अकाउंट्समध्ये ते पंधरा दिवस फिरलं, मग ४५ दिवस की ६० दिवस, म्हणजे सप्टेंबर उजाडला. शेठला फोन केला की 'थई जशे बेन, चिंता ना करो', म्हणजे होऊन जाईल. मग नवरात्र लागतं, मग दिवाळी, आणि दिवाळी ते लाभपाचम (कार्तिकातली पंचमी) बडोद्यात कुणी चेकबुक उघडत नाही हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे म्हण आहे ना, उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ती ज्याने केली त्याने नक्की फ्रीलान्स केलं असणार. त्यात जे येतं त्यातून प्रोफेशनल फीचा १० टक्के टीडीएस कापून येतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५, उशीर केला तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. व्याज कुणी आपणहून देत नाही, आणि चालू क्लायंटविरुद्ध तक्रार करायला कुणी जात नाही, खरंय. पण आता इन्कम टॅक्समध्ये अशी तरतूद आली की वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःच फोन करायला लागलेत, उद्यम सर्टिफिकेट पाठवा मॅडम म्हणून. बिलावर उद्यम नंबर छापूनच टाका. दुसरा उपाय जुनाच, पूर्ण पैसे येईपर्यंत कॅड फाइल द्यायची नाही, पीडीएफ द्यायची.

जीएसटीचं तुम्ही विचारलंय. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटचं काम केलं तरी. पण मोठ्या कंपन्या व्हेंडर कोड देताना, म्हणजे तुमची नोंद करून घेताना, जीएसटी नंबर मागतात, मग घ्यावाच लागतो. आणि एकदा घेतला की एक गोष्ट लक्षात ठेवा जी मला कुणी सांगितली नव्हती: जीएसटी हा बिल काढलं की भरायचा असतो, क्लायंटने पैसे दिले की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे शेठचं 'थई जशे' चालू असताना १८ टक्के तुम्ही आपल्या खिशातून भरून मोकळे. म्हणून काम त्यांनी मंजूर केल्याचा मेल आल्याशिवाय टॅक्स इनव्हॉइस काढायचं नाही, तोवर प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल.

इन्कम टॅक्समध्ये मात्र आपल्या लोकांना बरी सोय आहे. इंजिनीअरिंग हा नेमून दिलेल्या व्यवसायांत येतो, त्यामुळे ज्याला सगळे सीए ४४एडीए म्हणतात ती पद्धत घेता येते (आता नवीन कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, सीएला विचारा), ढोबळमानाने मिळालेल्या एकूण फीच्या निम्मं उत्पन्न धरायचं, हिशेबाच्या वह्या ठेवायची कटकट नाही, मर्यादा ५० लाख आणि रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. ॲडव्हान्स टॅक्स पण १५ मार्चपर्यंत एकदाच. कापलेला टीडीएस बऱ्याचदा परत येतो. पण याची दुसरी बाजू बँकेत कळते. तुम्ही २० लाख कमावले आणि रिटर्नमध्ये १० दाखवले की बँक १० च बघते. आणि स्वतंत्र काम करणाऱ्याकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. म्हणून फ्लॅटचं, मुलीच्या शिक्षणाचं, कसलंही कर्ज घ्यायचं डोक्यात असेल तर पगाराची स्लिप हातात आहे तोवर घ्या. क्रेडिट कार्डसुद्धा. मी नोकरी सोडल्यावर चौथ्या महिन्यात गाडीच्या कर्जाला गेले होते, ज्या बँकेत २२ वर्षं पगार जमा झाला तिथल्या पोराने विचारलं, मॅडम मग आता तुम्ही हाउसवाइफ लिहू का.

मेडिक्लेम. हे राहून जातं आणि हेच सगळ्यात महागात पडतं. कंपनीची ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवसाबरोबर संपते. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचं वेटिंग पिरियडसाठी क्रेडिट मिळतं, पण अर्ज नोकरीत असतानाच करायचा, एचआरला लेखी विचारायचं. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ४६व्या वर्षी बीपी-शुगर कुणाला नसतं. वडील तुमच्या ग्रुप पॉलिसीत असतील तर त्यांचं आधी बघा, रेल्वेतून रिटायर झालेल्यांना रेल्वेची वैद्यकीय सोय असते, ती चालू आहे ना खात्री करा.

ग्रॅच्युइटी तुम्हाला ६० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले २१, म्हणजे सव्वासात लाखांच्या पुढे मिळेल, करमुक्त. पीएफला हात लावू नका. सगळे काढतात, 'धंद्यात घालतो' म्हणून, आणि आपल्या धंद्यात घालायला असतं काय, एक कॉम्प्युटर. तो तसाच ठेवला तर व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो. आणि पीएफवाल्या पेन्शनवर फार भिस्त ठेवू नका, ती पगाराची मर्यादा धरून निघते, आता १५ हजार आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला ६,५००, त्यामुळे जास्त पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर महिना तीन-चार हजारांच्या आसपास काहीतरी हातात पडतं. वडिलांच्या रेल्वे पेन्शनशी त्याची तुलनाच नको. म्हणून म्हातारपणासाठी दर बिलातून १५ टक्के बाजूला काढायची सवय पहिल्या बिलापासून, एनपीएस म्हणा पीपीएफ म्हणा.

वडिलांचं म्हणताय तर, त्यांचं चुकत नाही हो. बडोद्यात त्यांच्या पिढीने काय पाहिलं, रेल्वे, कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी, आयपीसीएल, क्वार्टर मिळालं, पोरं कंपनीच्या बसने शाळेत गेली, रिटायर झाले तेव्हा घड्याळ मिळालं. पण त्याच आयपीसीएलमधला मोठा हिस्सा सरकारने २००२ मध्ये रिलायन्सला विकला आणि २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली, म्हणजे नावसुद्धा उरलं नाही. तुमची कंपनी तर तुम्हाला आत्ताच सांगतेय की बाहेर पडा. वडिलांशी वाद घालू नका, त्यांना वही काढून दाखवा, घरखर्च इतका, बायकोचा पगार इतका, बाजूला ठेवलेत इतके. रेल्वेचा माणूस आहे, आकड्याला मान देतो. बाजूला किती, तर मी म्हणेन नऊ महिन्यांचा घरखर्च, मुलीची पहिल्या वर्षाची फी वेगळी.

आता तुमच्या कंपनीचं 'कामं आम्हीच देऊ'. इथे मला काळजी वाटते. माझ्या ओळखीतल्या तिघांना असंच सांगितलं होतं, दोघांना सहा महिने काम मिळालं आणि मग मॅनेजर बदलला, तिसऱ्याला एक कामही नाही. तोंडी आश्वासनाला किंमत शून्य धरा. त्यांना म्हणा लेखी द्या, एक वर्ष, महिन्याला १० दिवस, दिवसाचा रेट अमुक, काम दिलं नाही तरी १० दिवसांचे पैसे. देतील तर उत्तम सुरुवात. पण महिन्याचे २५ दिवस त्यांनाच विकू नका, मग तुम्ही रजा नसलेले, पीएफ नसलेले नोकरच झालात, आणि एकाच कंपनीकडून दर महिन्याला ठरावीक रक्कम येत राहिली तर हा पगारच आहे असा प्रश्न टॅक्सवाले पण काढू शकतात. निम्म्याहून जास्त एकाकडून नको.

बाकीचं काम कुठून, तर वेबसाइट-बिबसाइट सोडा. तुमच्याबरोबर २१ वर्षांत काम करून दुसरीकडे गेलेले लोक, तेच तुमचं भांडवल. कोणी मांजुसरला आहे, कोणी पाद्र्याला, कोणी हालोलला, कोणी दहेजला मॅनेजर झालाय. मी दहा जणांना फोन केले होते, आठ जण म्हणाले अरे वा नक्की सांगतो, त्यातल्या एकाचाही फोन आला नाही. नववा घरी येऊन चहा पिऊन गेला. दहावा, जो ज्युनिअर असताना मी त्याला भर मीटिंगमध्ये झापलं होतं, त्याने पहिली पर्चेस ऑर्डर दिली, म्हणाला मॅडम तुमचं ड्रॉइंग साइटवर चुकत नाही. तेव्हापासून माझा नियम, पीओ नंबर हातात येईपर्यंत घरी काम मिळालं म्हणायचं नाही. फोन नोकरीत असताना करा, काम मात्र करू नका, अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरं काम करायला मनाई असते. सोडल्यानंतर अमुक वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही असं कलम असलं तर त्याने फार घाबरू नका, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं. कंपनीची एक फाइल, एक स्टँडर्ड, एक टेम्प्लेट पेन ड्राइव्हवर घेऊन बाहेर यायचं नाही.

घरातलं थोडं सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही. माणूस दिवसा घरी दिसला की तो रिकामा असतो असं सगळ्यांचं ठाम मत असतं. मी बाई असल्यामुळे माझ्या बाबतीत तर आनंदच होता, गॅसचा सिलेंडर, वीज कंपनीच्या ऑफिसातली चक्कर, नणंदेच्या मुलाला स्टेशनवर आणणं, सगळं 'तू घरीच असतेस ना'. तुमच्याही वाट्याला येईल, थोड्या वेगळ्या रूपात. मी शेवटी वरच्या खोलीला वेगळं दार काढलं आणि सकाळी नऊला चपला घालून घरातून निघून बाहेरच्या जिन्याने वर जायला लागले, शेजारच्या काकू अजून हसतात. आणि एक दिवस जुन्या कंपनीत कामानिमित्त जाल तेव्हा गेटवर सिक्युरिटीवाला व्हिजिटरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावेल, तोच, जो रोज सलाम करायचा. 'कोणाला भेटायचंय, कंपनीचं नाव काय' या रकान्यांपाशी माझा पेन अडला होता. तयारीत राहा.

राजीनामा कधी, याचं सरळ उत्तर, आत्ता नाही. मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर घरात हा विषय काढूच नका. या चार महिन्यांत दहा फोन, मेडिक्लेमचा अर्ज, कर्ज घ्यायचं असेल तर ते, आणि कंपनीकडून १० दिवसांचं लेखी पत्र. पत्र आलं आणि बाहेरची एक तरी पीओ ठरली तर एप्रिलमध्ये नोटीस द्या, म्हणजे ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे हे सगळं नवीन आर्थिक वर्षात येईल आणि पगाराचे महिने कमी असल्याने टॅक्सलाही बरं पडेल. दोन्हीपैकी एकही आलं नाही तर नोटीस देऊ नका, कंपनीला तुम्हाला काढायचंच असेल तर काढू दे, तेव्हा मिळणाऱ्या पैशांवर वेगळी बोलणी करता येतील, स्वतःहून राजीनामा दिल्यावर ती दारं बंद होतात. आणि कोटेशनचा पहिला मसुदा झाला की इथेच टाका, क्लायंटचं नाव आणि रक्कम खोडून, रिव्हिजनची ओळ कशी लिहिलीय ते मी बघते.